मराठीच्या खाली मराठी

नांदुऱ्यात स्टेशनच्या अलीकडे सरकीचं एक जुनं गोदाम होतं. ते रिकामं पडल्यावर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापक सरांनी, निवृत्त झाल्या झाल्या, मालकाच्या मागे लागून ते मिळवलं, आतून चुना मारून घेतला आणि तिथे सांस्कृतिक केंद्र सुरू केलं. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले आणि माझा मोकळा वेळ आपोआप केंद्राचा झाला. पत्रिका लिहिणं, पाहुण्यांना गाडीवरून उतरवून घेणं, सतरंज्या झटकून घेणं, आभार मानणं, सगळं माझ्याकडे.

थंडीत आमचा तीन दिवसांचा कार्यक्रम असायचा. पहिल्या दिवशी चित्रं मांडायची, दुसऱ्या दिवशी सिनेमे दाखवायचे, तिसऱ्या दिवशी पुस्तकांवर बोलायचं. येणारी माणसं ठरलेली. दोन डॉक्टर, काही शिक्षक, कापसाच्या धंद्यातले एक वाचनवेडे शेठ, आणि सक्तीने पाठवलेली कॉलेजची मुलं. बाहेरदेशचा सिनेमा लागला की मुलं एकेक करून मागच्या दाराने पसार व्हायची. एका वर्षी दिवे लागले तेव्हा सर, मी, प्रोजेक्टर चालवणारा आणि भिंतीला टेकून झोपी गेलेले एक आजोबा, एवढेच उरलो होतो.

सर सतरंजीकडे बघत म्हणाले, "यांच्या ओळखीचं काही पडद्यावर दिसत नाही, तोवर हे बसायचे नाहीत. आपल्याकडच्या माणसावर एखादी फिल्म कर ना तू. कॅमेरा तर घेऊन ठेवलास."

कॅमेरा मी हौसेने घेतला होता आणि त्यावर आत्तापर्यंत दोन वाढदिवस आणि एक सत्यनारायण काढला होता. पण सर बोलले त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मावशी आली.

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. माझं माहेर मोताळ्याचं. तिथल्या आठवडी बाजारात ती भाजी घेऊन बसायची. जवळच्या खेड्यात त्यांचा दोन एकरांचा मळा, वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी. माझ्या आईने पंचवीस वर्षं तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून वांगं घेतलं नाही. भाजी घ्यायला पाच मिनिटं लागत आणि बोलायला अर्धा तास. तिचं बोलणं ऐकायला शेजारची भाजीवाली बायामाणसंही मान वळवून बसत. ती चौथीपर्यंत शिकलेली. त्यानंतर शाळा सुटली पण वाचन सुटलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद ती सरळ करून, मांडीवर हाताने दाबून वाचायची आणि पुढच्या बाजारी आईला त्यातलं सांगायची. अर्ध्या बातम्या, कापलेली गोष्ट, कोणाच्या तरी श्रद्धांजलीचा शेवट.

मी तिला विचारलं तेव्हा ती हसली. "माह्यावर सिनेमा? मी काय केलं वं असं?"

"काही केलं नाही म्हणूनच, मावशी. तू नुसती बोल."

"बोलाले काय लागते. पण एक सांगते तुले. लोकायले दाखवाच्या आंधी मले दाखवजो. मी काय बोलली ते मले पाहू दे एकडाव."

"हो मावशी. आधी तुलाच."

हे मी वांग्याच्या सऱ्यांमध्ये उभी राहून, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं. तिचे यजमान बाजूला मोटारीचा पाइप धरून उभे होते. ते कधीच फार बोलत नसत. त्यांनीही मान हलवली.

तीन रविवार मी तिच्या मळ्यात गेले. पहिल्या रविवारी ती कॅमेऱ्याकडे बघून शाळेतल्या मुलीसारखं बोलली. दुसऱ्या रविवारी ती कॅमेरा विसरली. खुडणी करता करता, बांधावर बसून, चुलीपुढे, ती बोलत राहिली. लग्न होऊन आली तेव्हाचा मळा, विहीर आटली ते वर्ष, पुडीवरच्या कागदावरून पाठ केलेल्या ओळी. मलाही तिच्याशी बोलताना माझी लहानपणची भाषा सापडली. वर्गात मी जे शब्द मुलांच्या वहीत लाल शाईने खोडते, तेच माझ्या तोंडून सुटत होते आणि बरं वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी तिने लेकीच्या लग्नाचं सांगितलं. तिला एकच मुलगी, डोणगावला दिलेली. मुलगी बारावीला होती तेव्हा डोणगावची मंडळी बघायला आली. मुलाच्या काकांना मान म्हणून खाटेवर बसवलं. खाटेची सुंभं सैल झाली होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. काका पोह्यांच्या बशीसकट खाटेत उतरले.

"असे गडप झाले का बाई, नुसते पाय दिसे! आन् बशी तशीच हातात, वरतं धरेल! एक पोहा सांडू देल्ला नाई मानसानं!"

सांगताना ती पदर तोंडाशी धरून हसत होती, मी हसत होते, कॅमेरा हलत होता. मग ती थांबली. उठली. मिरचीच्या सरीला पाणी पोचलं का बघायला गेली, पायाने माती ओढून पाण्याचं एक दार बंद केलं, दुसरं उघडलं. पाणी नव्या सरीत शिरेपर्यंत बघत उभी राहिली. परत आली आणि बसता बसता म्हणाली:

"मले कोणी इचारलंच नाई. मी भाकरी थापून राह्यली होती. तिकडे बैठकीत सुपारी फुटली. पोरीले शिकाचं होतं. मले माहीत होतं. पण मले इचारलंच नाई तं मी नाई तरी कोणाले म्हनू?"

मी कॅमेरा बंद केला नाही. मला त्या वेळी एवढंच कळलं की आज आपल्याला फार मोलाचं काही मिळालं.

मग मी कापाकापीला बसले. सरांनी वीस मिनिटांची मर्यादा घातली होती आणि माझ्याजवळ पाच तासांचं होतं. ती उठून पाण्याकडे जाते तो भाग जवळजवळ दोन मिनिटांचा होता. त्यात कोणी बोलत नव्हतं. मी तो काढून टाकला. खाटेची गंमत आणि "मले कोणी इचारलंच नाई" या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या. मी ते तीनचारदा बघितलं. मला ते चांगलं वाटलं. हसता हसता माणूस एकदम गप्प होईल, अशी माझी कल्पना.

त्या वर्षी सिनेमाच्या दिवशी पुण्याहून एक पाहुणे येणार होते, सिनेमाचे अभ्यासक. सर म्हणाले, "त्यांना ही बोली कळेल ना? मध्येच काऊन-बिऊन आलं की अडायचं. खाली ओळी टाकशील का?"

खाली ओळी म्हणजे मराठीच्या खाली मराठी. आत्ता लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा एक क्षणही खटकलं नाही. मी मराठीची शिक्षिका. दोन संध्याकाळी बसून मी मावशीचं सगळं बोलणं शुद्ध करून टाकलं. "मी गेली" चं "मी गेले". "पाह्यलं" चं "पाहिले". आणि त्या वाक्यांच्या खाली मी लिहिलं: "माझे मत कोणी विचारात घेतले नाही. मी स्वयंपाकघरात होते. बैठकीत लग्न ठरले." भाकरी गेली, सुपारी गेली. मला वाटलं, अर्थ तर राहिला.

मावशीला आधी दाखवायचं राहिलं. असं म्हणणं सोपं आहे. खरं असं की कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला होता.

"झाला का वं तुहा सिनेमा?"

"थोडं काम बाकी आहे मावशी."

"मंग दाखवाले कधी येतं?"

"येते ना. नाहीतर तूच ये कार्यक्रमाला. मोठ्या पडद्यावर बघ एकदम."

त्या दिवशी फिल्म पूर्ण झालेली होती. मोताळ्याची बस तासातासाला होती. मी गेले नाही, कारण मला भीती होती. ती ते लेकीच्या लग्नाचं काढ म्हणेल, आणि ते काढलं तर माझ्या फिल्ममध्ये मळा आणि वांगी याशिवाय काही उरणार नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तीनला फिल्म होती. दीड वाजता मावशी आली. अंगावर मोरपंखी साडी, केसांना तेल, पायात नव्या चपला. मागे यजमान, धुतलेली टोपी. आणि त्यांच्या मागे लेक आणि जावई. ती दोघं डोणगावहून खास आली होती. आपण सिनेमात आहोत हे मावशीने त्यांना कौतुकाने कळवलं होतं. जावई उंच, मितभाषी, पांढरा शर्ट. डोणगावात त्याचं बी-बियाण्यांचं दुकान. त्याने मला वाकून नमस्कार केला. लेक येईल, जावई येईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. माझ्या हिशेबी प्रेक्षक म्हणजे पुण्याचे पाहुणे आणि ते नेहमीचे साठ चेहरे.

फिल्मला वेळ होता म्हणून मी त्यांना आदल्या दिवशी मांडलेली चित्रं दाखवायला नेलं. तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांनी काढलेली होती. बाजाराच्या एका मोठ्या चित्रापुढे मावशी उभी राहिली, पुढे झुकली आणि म्हणाली, "वांगे लय जांभळे केले या मानसानं. अशे वांगे म्या कोणाच्या टोपलीत पाह्यले नाई." लेक हसली. जावईही हसला. ते चौघं त्या चित्रापुढे असे मजेत उभे असलेले मला अजून दिसतात. त्या वेळी मी जावयाला बाजूला घेऊन काही सांगू शकले असते. सरांना सांगून फिल्मच थांबवू शकले असते. पाहुण्यांची गाडी आली म्हणून कोणीतरी मला हाक मारली आणि मी गेले.

सभागृह त्या दिवशी भरलं होतं. मोताळ्याकडचीही माणसं आली होती. सरांचं म्हणणं खरं ठरलं होतं, ओळखीचं काही दिसणार म्हणून लोक बसले होते. मावशीला आम्ही पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

सुरुवातीलाच ती पडद्यावर बोलायला लागली आणि मागे कॉलेजची मुलं खुसखुसली. ती वाईट मुलं नव्हती. त्यांच्या घरी हीच भाषा बोलतात. पण पडद्यावर ती ऐकायची त्यांना सवय नव्हती, आणि खाली माझी शुद्ध मराठी सरकत होती. एक "काऊन" आला की खाली "का" उमटे आणि मुलं हसत. पुढे पुढे सगळेच हसायला लागले. मावशीही वळून वळून हसत होती, तिला वाटत होतं आपलं बोलणं लोकांना आवडून राहिलं आहे. खाटेची गोष्ट आली तेव्हा सभागृह हसून कोसळलं. पुण्याचे पाहुणे डोळे पुसत होते. त्या हसण्यातच पुढचं वाक्य सुरू झालं.

"मले कोणी इचारलंच नाई."

लोक हसतच होते. त्यांना वाटलं गंमत चालू आहे. "भाकरी थापून राह्यली होती" ला तर मागून कोणीतरी टाळी वाजवली. "पोरीले शिकाचं होतं" या वाक्यापाशी पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या, मग हळूहळू मागचे. पण तोवर ते बोलणं संपलं होतं आणि पडद्यावर वांग्याची फुलं दिसत होती.

मी प्रोजेक्टरपाशी उभी होते. मला मावशीची पाठ दिसत होती. ती आता वळून बघत नव्हती. जावई उठला. तो आवाज न करता, वाकून, कोणाच्या डोक्याची सावली पडद्यावर पडू नये अशा बेताने बाहेर गेला. त्याच्या मागे लेक. मग यजमान. मावशी शेवटपर्यंत बसली. दिवे लागल्यावर ती उठली, पदर नीट केला आणि टाळ्या वाजवणाऱ्या लोकांमधून सरळ दाराकडे निघाली.

मी तिच्या मागे जायला वळले तेवढ्यात सरांनी माईक हातात दिला. पाहुणे बोलायला उभे राहिले होते. "काय गोड बोली आहे!" ते म्हणाले. "आणि ही बाई, काय नैसर्गिक विनोदबुद्धी!" मी माईक धरून उभी राहिले. चर्चा अर्धा तास चालली. बाहेर आले तेव्हा ते चौघं गेले होते. चहाच्या टेबलापाशी कोणीतरी सांगितलं, जावई लेकीला घेऊन मोटारसायकलवर वेगळा निघाला आणि म्हातारी दोघं बस स्टँडकडे चालत गेली.

तिसऱ्या दिवशी पुस्तकांचा कार्यक्रम. अकोल्याहून एक लेखिका आल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या घरावर लिहिलं होतं, आणि मुलाखत मी घेणार होते. लोकांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न पाठवले. एका चिठ्ठीवर होतं: ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांना आधी दाखवता का? मी ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. वेळ संपला तेव्हा ती तिथेच होती.

पुढच्या बाजाराला मी मोताळ्याला गेले. मावशी तिच्या जागेवर बसली होती. मी समोर उकिडवी बसले. तिने माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"काय देऊ?"

"मावशी, माझं चुकलं."

ती मेथीच्या जुड्या रचत राहिली. मग म्हणाली, "तुले म्हणलं होतं का नाई, आंधी मले दाखवजो?"

"म्हटलं होतंस."

"मंग?"

तिने हातातली जुडी ठेवून दिली.

"आन् एक सांग मले. माह्या बोलन्याखाली तू ते काय लिवलं होतं? मले वाचता येते, तुले माहीत हाये ना? मी म्हणून राह्यली एक आन् खाली दुसरंच. मी भाकरी थापत होती म्हणलं, तू लिवलं सयंपाकघरात होती. तवा आमाले सयंपाकघर तरी होतं का वं? पडवीत चूल होती. बैठक दोन हातावर होती. म्या सगळं ऐकून राह्यली होती. दोन हातावरून कोणी इचारलं नाई, हे सांगत होती मी तुले."

शेजारच्या बायका गप्प बसून ऐकत होत्या. मी तिचं ते वाक्य पन्नास वेळा ऐकलं होतं, कापताना, जोडताना, आणि मला ते आजवर समजलंच नव्हतं.

"लोकं हासले त्याचं नाई मले," ती पुढे म्हणाली. "लोकं हासतेच. पण आता जावई पोरीले धाडत नाई. फोन केला तं म्हणते, तुमच्या मनात नव्हतो मी, मंग कायले येऊ? बारा वर्सं झाले, पोरगा सोन्यासारखा निंगला. म्या मनातलं मनात ठेवलं होतं. तुले सांगतलं कारन तू घरची वाटली."

एवढं बोलून तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं.

मी ठरवलं की डोणगावला जायचं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कशाला वाढवतेस? घरातली भांडणं आपोआप मिटतात. फिल्म किती छान झाली, पाहुणे पुण्याला दाखवायचं म्हणत होते." मी रजा टाकली. नांदुऱ्याहून खामगाव, तिथून मेहकर, तिथून डोणगाव. पोचायला दुपार झाली. वाटभर मी वाक्यं जुळवत होते.

दुकान रस्त्यावरच होतं. जावयाने मला ओळखलं, स्टुल पुढे केलं, पाणी दिलं. समोर एक शेतकरी बियाण्याची पिशवी उलटीपालटी करून बघत होता. तो जाईपर्यंत मी थांबले.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं. "यात मावशीचा काही दोष नाही. तिने मला आधी दाखव म्हणून सांगितलं होतं. मी दाखवलं नाही."

तो वजनकाट्यावरची धूळ फडक्याने पुसत होता. "मॅडम, तुम्ही माफी मागसान आन् मोकळ्या होसान. जासान नांदुऱ्याले. मी काय करू ते सांगा."

"ती तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही हो."

"नाईच बोलली. मले समजते ना. पण मी बारा वर्सं त्या घरी जेवलो. दिवाळीले जावई म्हणून पाटावर बसलो. मायनं वाढलं, मी खाल्लं. आता जाऊन बसलो तं मले घास उतरीन का? वाटते, तवापासून ही बाई मनात काय घिऊन वाढत होती." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "आन् खाटीत पडले ते माहे काका. त्याइनंच मले वाढवलं. मागच्या वर्षी गेले. मायनं सांगतलं तं मले काही नाई, घरात आमीबी हासत होतो त्या गोष्टीवर, काका सोता सांगे. पण तिथं दोनशे लोक हासले. त्यायले काका कोण ते माहीत हाये का?"

मी वाटेत जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "नाही."

"चहा घिऊन जा," तो म्हणाला आणि मागच्या दाराकडे बघून हाक दिली. घर दुकानाच्या मागेच होतं. लेक चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा प्याले आणि निघाले.

बस स्टँडच्या वळणावर मागून चपलांचा आवाज आला. लेक होती. हातात पिशवी, दळणाचं निमित्त करून निघालेली.

"ताई, थांबा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुमाले एक इचारू? माय ते खरंच बोलली? का तुम्ही बोलवून घेतलं?"

"स्वतःहून बोलली."

ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मले वाटे माय राजी होती. बाबा तं बोलतच नाई, मले वाटे हे सगळं मायनंच जमवलं. माही बारावीची परीक्षा होती ताई. मी आजवर मायशी धड बोलली नाई. जाते, येते, राह्यते चार दिवस, पण मनातून बोलली नाई. बारा वर्सं झाले."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पिशवीने पुसलं.

"मी मावशीला सांगू?" मी विचारलं.

"नाई!" ती जवळजवळ ओरडली. "तुम्ही कोणाले काई सांगू नका आता. माह्यं मी सांगीन. जवा जमते तवा."

बस आली. मी बसले. आपण केलेल्या चुकीतून काही बरं निघतं आहे असं मनात यायला लागलं आणि ते मी मागे ढकललं. ते माझ्या खात्यात जमा करण्यासारखं नव्हतं. घास उतरणार नाही, हे जावयाचं बोलणंही तितकंच खरं होतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. मावशीलाही नाही. हे मला फार जड गेलं. संक्रांत गेली, लेक आली नाही. होळी गेली. आई बाजारातून यायची आणि मी फोनवर विचारायचे, आणि आई म्हणायची, "भाजी दिली. बोलली नाही काही." आईचाही माझ्यावर राग होता. पंचवीस वर्षांचं तिचं बाजारातलं बोलणं माझ्यापायी बंद पडलं होतं.

उन्हाळ्यात आईने सांगितलं की लेक मुलांना घेऊन आली आहे, पंधरा दिवस राहणार आहे. जावई सोडायला आला होता पण बाहेरूनच पाणी पिऊन गेला. त्या पंधरा दिवसांत मायलेकी काय बोलल्या, बोलल्या की नाही, मला कधीच कळलं नाही. ते मला कळायचं कारणही नव्हतं.

त्या काळात मी एक काम केलं. फिल्म पुन्हा उघडली. खालच्या ओळी सगळ्या काढल्या. काकांची गोष्ट काढली. आणि ती सरीला पाणी पोचलं का बघायला जाते, ती दोन मिनिटं जिथल्या तिथे घातली. मग मोताळ्याला जाऊन मावशीला सांगितलं की आता बघायला ये, तू एकटी, आणि बघून झाल्यावर तू म्हणशील तसं करू.

ती जूनच्या सुरुवातीला आली. भर दुपारी, एकटी, रोजच्या साडीत. केंद्रात पंख्याखाली आम्ही दोघीच होतो. मी पडदा लावला नाही, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि ती खुर्ची ओढून जवळ बसली. बघताना ती मध्येच स्वतःला दुरुस्त करत होती. "विहीर त्या वर्षी नाई, त्याच्या आंधीच्या वर्षी आटली." पाण्याच्या त्या दोन मिनिटांत ती पुढे झुकून बघत राहिली. पुढचं वाक्य आलं तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

संपल्यावर ती म्हणाली, "आता मी बोलली तसं हाये."

"मग?"

"मंग काय. दाखवू नको कोणाले."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझा हिरमोड तिला दिसला असावा.

"चांगलं झालं वं. मी नाई कुठं म्हणते. पण ते माह्यं हाये. पोरीले समजाचं होतं, तिले समजलं. आता आनखी कोणाले कायले?"

पोरीला समजलं, एवढंच तिच्या तोंडून निघालं. मी पुढे विचारलं नाही.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूप नाराज झाले. पुण्याच्या पाहुण्यांनी एका महोत्सवासाठी फिल्म मागवली होती. सर म्हणाले, "तिने स्वतः परवानगी दिली होती ना बोलायला? मग आता मागे कशी घेते? आणि केंद्राचं नाव होणार होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मी म्हटलं, परवानगी आधी दाखवण्याच्या अटीवर होती आणि अट मी मोडली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी हे केंद्र उभं करायला काय केलं ते मी जवळून बघितलं होतं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. तरी मी फिल्म दिली नाही. त्यानंतर काही महिने सर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या थंडीतल्या कार्यक्रमात सिनेमाच्या दिवशी पुन्हा बाहेरदेशचे सिनेमे लागले, आणि मुलं मागच्या दाराने गेली.

मावशी आता माझ्याशी बोलते. मी गेले की पिशवीत चार मिरच्या जास्तीच्या टाकते, कॉलेज कसं चाललं विचारते, पाऊसपाण्याचं सांगते. जावई दिवाळीला येऊन गेला हे तिनेच सांगितलं. जेवला का, हे मी विचारलं नाही. मध्ये एकदा ती शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होती, हातवारे करत, आणि बायका हसून लोळत होत्या. मी जवळ पोचले. तिने मला बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "ये वं पोरी, काय देऊ?" गोष्ट तिथेच राहिली. मी मेथीच्या दोन जुड्या मागितल्या.